समुपदेशन आणि विद्यार्थ्याची भाषा

‘समुपदेशन’ या संज्ञेत ‘उपदेश’ हा शब्द असल्यामुळे, शालेय समुपदेशक विद्यार्थ्यास चार हिताच्या गोष्टी सांगतो, असा समज सहज होतो. वस्तुतः त्याच्या कार्याचा आरंभ ऐकण्याने होतो. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, बोलणाऱ्याची भावना ओळखून ती त्याच्यापुढे शब्दांत मांडणे, यास महत्त्वाचे स्थान दिले आहे.

मराठी मुलांच्या बोलण्यात या दृष्टीने एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ‘मला भीती वाटते’, ‘पोटात गोळा येतो’, ‘अभ्यासात मन लागत नाही’ या वाक्यांत ‘मी’ कर्ता नाही. भावना येते, म्हणजे ती जाऊही शकते. ‘मी ढ आहे’ या वाक्यात मात्र ‘मी’ कर्ता असून अपयश हा त्याचा स्थायी गुण ठरतो. ‘छे, तू हुशार आहेस’ हे उत्तर या वाक्याचा साचा तसाच ठेवते. कुशल समुपदेशक विचारतो, ‘असे केव्हा वाटते?’ मग ‘गणिताच्या तासाला फळ्यापाशी बोलावले की भीती वाटते,’ असे उत्तर येऊ शकते. अशा भीतीवर शिक्षकांच्या साहाय्याने उपाय योजता येतो.

तथापि ‘जगावेसे वाटत नाही’ हे वाक्य ऐकल्यावर ‘वाटणे’ क्षणिक मानून चालत नाही. तेथे गुप्ततेची मर्यादा संपते. मुलास एकटे न सोडता पालक व मनोविकारतज्ज्ञ यांस तत्काळ कळविणे हेच समुपदेशकाचे कर्तव्य होय.