जिल्हा ओळखायचा, तर ही चार पुस्तकं वाचा

कथा-कादंबऱ्यांपलीकडचं वाचायचंय? धाराशिवपासून सुरुवात करा.

● पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी : पहिल्या शतकातल्या एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याचं छोटेखानी पुस्तक. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' आहे, तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाते, असं तो नोंदवतो. हे तगर म्हणजेच आपलं तेर.

● लज्जागौरी (रा. चिं. ढेरे) : मातृदेवतेच्या प्राचीन उपासनेचा शोध. मूर्ती, लोकाचार आणि जुने ग्रंथ एकमेकांशी ताडून कसे पाहावेत, याचा हा वस्तुपाठच.

● स्टोरी ऑफ माय लाइफ (मेडोज टेलर, १८७७) : १८५३ मध्ये नळदुर्ग जिल्हा निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा टेलर तिथला अधिकारी होता. त्या काळच्या कारभाराचं चित्र इथे मिळतं. मात्र नजर राज्यकर्त्याची आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावं.

● हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा (अनंत भालेराव) : आपल्याला स्वातंत्र्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत का थांबावं लागलं, ते लढ्यात उतरलेल्या पत्रकाराच्या लेखणीतून.

वाचून झालं की तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जरूर जा. पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी साम्य असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेरमध्येच मिळाली आहे. मुलांनाही सोबत न्या.