संस्थेची नोंदणी आणि हिशेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 जुलै 1924 रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदविली. समाजाचे काम कायद्याने उभे राहावे, हाच त्यातला धडा.

आज गोखिवरे येथे एखादी संस्था काढायची तर याच कायद्याप्रमाणे किमान सात सभासद लागतात. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खालीही नोंदणी करावी लागते. मात्र एवढ्याने काम संपत नाही. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजेच चेंज रिपोर्ट, दाखल करावा. तो राहिला तर दप्तरी जुनीच नावे राहतात. त्यांतील कोणी गाव सोडले किंवा निधन पावले की बँकेत सह्यांचा प्रश्न येतो आणि विहाराचा, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा पैसा अडकून पडतो. आम्ही बँकेत काम करताना हे पाहिले आहे.

प्रत्येक देणगीची पावती द्यावी. रक्कम संस्थेच्याच खात्यात भरावी. 31 मार्चअखेरचे ऑडिट वेळेवर करून घ्यावे. संस्थेला आयकर सवलतीची मान्यता असली तरी 2000 रुपयांवरील रोख देणगीवर दात्याला सवलत मिळत नाही. अशी देणगी धनादेशाने घ्यावी.

शिकलेल्या तरुणांनी हे दप्तर आपल्या हाती घ्यावे. दान देणाऱ्याचा विश्वास हीच संस्थेची खरी ठेव आहे. जयभीम!