भटारखान्यातून पडद्यावर

आमच्या नगरच्या शाळेत स्नेहसंमेलनासाठी मी हरिश्चंद्राचा प्रवेश बसवला होता. आदल्या दिवशी तारामती झालेली मुलगी तापाने फणफणली. तिचे संवाद पाठ होते ते वर्गातल्या एका मुलाला. पण "बाई, मी नाही हं साडी नेसणार!" म्हणून तो हटूनच बसला. मग त्याला अण्णा साळुंक्यांची गोष्ट सांगितली. मैत्रिणींनो, तीच तुम्हालाही सांगते.

दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढायला निघाले, तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. जाहिराती झाल्या. घरंदाज बायका तर सोडाच, पण नाचगाण्याच्या पेशातल्या बायकांनीसुद्धा नकार दिला. तेव्हा मुंबईत ग्रँट रोडजवळच्या एका उपाहारगृहात फाळक्यांची नजर तिथल्या आचाऱ्यावर गेली. शेलाटा बांधा, नाजूक हात. हेच अण्णा साळुंके! महिना दहा रुपयांवर काम करणाऱ्या अण्णांना फाळक्यांनी पंधरा रुपये देऊ केले, असं सांगतात.

तुम्ही म्हणाल, पाच रुपये जास्त मिळाले, मग अडचण कसली? अडचण होती मिशीची! वडील हयात असताना मिशी काढणं त्या काळी अशुभ मानत. स्त्रीपार्टी नटांची समजूत घालता घालता फाळक्यांच्या नाकी नऊ आले. अखेर ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि कालचा आचारी राणी तारामती म्हणून लोकांसमोर आला.

पुढची गंमत तर याहून मोठी. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा रामही झाले आणि सीताही! एकाच चित्रपटात दोन भूमिका करण्याचं आपल्याकडचं हे पहिलं उदाहरण मानतात. पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून ठेवत, असं म्हणतात. सीतेचे दंड मात्र जरा जास्तच पीळदार दिसत! पुढे अण्णांनी कॅमेराही हाती घेतला.

ही गोष्ट सांगताना मला सरस्वतीबाई फाळके आठवतात. पडद्यावर त्या कुठेच नाहीत. पण चित्रपटासाठी त्यांनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, चित्रीकरणात उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या, रात्री फिल्मला भोकं पाडायला बसल्या. स्वयंपाकघरातला पुरुष राणी झाला, आणि घरची बाई पडद्यामागे राबत राहिली. १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यासमोर आल्या, तेव्हा कुठे बाईची भूमिका बाईच्या हाती आली.

आमचा मुलगा? माझीच जुनी पांढरी साडी नेसून उभा राहिला. पदर दोनदा सुटला, पण कुणी हसलं नाही. घरी जाताना मला म्हणाला, "बाई, साडीत चालायला किती अवघड जातं हो! तुम्ही रोज कशा चालता?"