दिवाणी दावा व त्याची मुदत

आमच्या नागांवांत माडापोफळींच्या वाड्या पुष्कळ. आणि वाडी म्हटली कीं बांध, वाट, विहीर व वांटणी यांचे तंटे ओघानेंच आले. "अलिबागेस दावा लावूं," असें वडील माणसें म्हणतात. परंतु दावा म्हणजे काय व तो केव्हां लावावा, हें विद्यार्थिदशेंतच थोडें समजून घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

दिवाणी कोर्टाची रीत १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत सांगितली आहे. दाद मागतो तो वादी. ज्याच्याविरुद्ध मागतो तो प्रतिवादी. दावा दाखल झाल्यावर प्रतिवादीस समन्स जातें, व त्यानें आपली कैफियत सामान्यतः ३० दिवसांत द्यावयाची असते. दोघांचें म्हणणें जेथें जुळत नाहीं, तेथें न्यायाधीश मुद्दे काढतात. त्यांवर पुरावा होऊन निकाल व हुकूमनामा होतो. प्रतिवादी हुकूमनामा न मानील तर अंमलबजावणीसाठीं दरखास्त करावी लागते. तिची मुदत बहुधा १२ वर्षें असते.

आतां मुदतीविषयीं. काळ लोटला म्हणजे साक्षीदार मरतात, कागद वाळवी खाते, आणि खरें-खोटें निवडणें कठीण होतें. म्हणून कायद्यानें प्रत्येक दाव्यास कालमर्यादा घातली आहे. सध्यांचा मुदतीचा कायदा १९६३ चा असून १ जानेवारी १९६४ पासून तो अमलांत आहे.

समजा, विहिरीच्या दुरुस्तीसाठीं शेजाऱ्यास हातउसने पैसे दिले. परतफेडीचा करार नसेल, तर दिल्या दिवसापासून ३ वर्षांत दावा लावला पाहिजे. तत्पूर्वीं ऋणकोनें कर्ज कबूल असल्याचें लिहून सही केली, तर तेथून नवी मुदत सुरू होते. शेवटच्या दिवशीं कोर्टास सुटी असल्यास कोर्ट उघडेल त्या दिवशीं दावा चालतो. मात्र मुदत टळल्यावर प्रतिवादीनें हरकत घेतली नाहीं, तरीही कोर्टास दावा काढून टाकावाच लागतो.

जमिनीची गोष्ट याहून गंभीर आहे. परक्यानें मालकी सांगून उघडपणें व अखंड १२ वर्षें ताबा केला आणि मालक स्वस्थ बसला, तर मालकाचा हक्कच नष्ट होतो. मात्र मुंबईस असलेल्या भावाच्या वांट्यासह गांवचा भाऊ वाडी पाहतो, किंवा राखणदार परवानगीनें तेथें राहतो, तेवढ्यानेंच वाडी त्यांची होत नाहीं. मालक अज्ञान असेल, तर सज्ञान झाल्यावर, मूळ मुदत टळली असली तरी, त्यास जास्तींत जास्त ३ वर्षांची सवलत मिळते. पोरक्या मुलांच्या पालकांनीं हें विसरूं नये.

म्हणून व्यवहार लेखी करावा, तारीख घालावी, पावती जपून ठेवावी, व संकोचानें वेळ दवडूं नये. तसेंच ऋणकोनेंही एक गोष्ट ध्यानांत धरावी: मुदत टळल्यानें धनकोची कोर्टांतील वाट बंद होते, परंतु कर्ज फिटत नाहीं. मुदतबाह्य कर्जही देईन असें सही करून लिहून दिल्यास तें वचन कायदा मानतो. कायद्याची मुदत सरली तरी सचोटीची सरत नाहीं, हें आमच्या बालमित्रांनीं मनांत वागवावें.