फलक कोण लिहितो?

हवामान बदल सामान्य माणसाला समजावा म्हणून केंद्र सरकारने १५ ऑक्टोबर २०१५ रोजी दिल्लीच्या सफदरजंग स्थानकातून सोळा डब्यांची 'सायन्स एक्स्प्रेस' या विषयावरचे प्रदर्शन घेऊन सोडली. चाकांवरचे संग्रहालयच ते! प्रवेश मोफत. २०१७ साली तिची शेवटची फेरी झाली.

लंडनच्या सायन्स म्युझियमने २०१० साली याच विषयाचे दालन उघडले. त्याला पैसा देणाऱ्यांत शेल ही तेल कंपनी प्रमुख होती! ज्यांच्या तेलाच्या धुराने पृथ्वी तापते, तेच आश्रयदाते. कंपनीने संग्रहालयाला दालनाबाबत सूचना केल्याचे २०१५ साली पत्रव्यवहारातून उघड झाले. आमच्या मजकुरावर कुणाचा दबाव नव्हता, असे संग्रहालयाने सांगितले. असेलही. पण इतिहास कोण लिहितो हे तपासण्याची सवय आम्हाला फुले-आंबेडकरांनी लावली आहे. फलक कोण लिहितो, हेही आम्ही विचारणारच.

उद्या कल्याणला असे प्रदर्शन भरले तर त्यात बर्फावरचे पांढरे अस्वल कशाला? वालधुनी दाखवा. अंबरनाथच्या डोंगरातून निघून, उल्हासनगरचे सांडपाणी पोटात घेऊन ती कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. गावकुसाबाहेरचा माणूस शहरात आला, त्याला जागा मिळाली ती अशाच पाण्याच्या काठाला.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसाने बदलापूर, कल्याणचे नदीकाठ बुडाले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींनी सुखरूप काढले, ते योग्यच झाले. वाहिन्यांनी दिवसभर गाडी दाखवली. काठावरच्या झोपड्या किती मिनिटे दाखवल्या?

हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जादा बाष्प धरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. हे आकडे काचेच्या कपाटात ठेवून काय उपयोग? ते वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीवर मराठीत लिहावेत. शेजारी २००५ आणि २०१९ च्या पाण्याच्या रेघा आखाव्यात. त्याखाली नाल्याची तेव्हाची रुंदी, आजची रुंदी आणि नदीपात्रालगतच्या बांधकामांना दिलेल्या परवानग्या, तारखा आणि सह्यांसकट.