भुताचा सिनेमा कोणता लावावा?



उन्हाळ्याच्या सुट्टीत चंद्रपूर, बल्लारपूर, मूल, वडसा अशा गावांत घरोघर पाहुणे येतात. दुपारी पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे मुलांचा खरा दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो. गच्चीवर पाणी शिंपडून सतरंज्या अंथरल्या की मामेभाऊ, खालाची मुले, शेजारचे मित्र असे सात-आठ जण मुक्कामाला जमतात. मग कोणीतरी म्हणतो, "आज भुताचा सिनेमा पाहू या!" त्या वेळी आठवी-नववीत शिकणारे तुम्हीच सर्वांत मोठे असता. निवड तुम्हालाच करावी लागते.

सिनेमा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एक प्रमाणपत्र दिसते. आपण ते सहसा वाचत नाही. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ हे प्रमाणपत्र देते. 'यू' म्हणजे सर्वांसाठी आणि 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. या दोहोंच्या मध्ये 'यूए' आहे. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'यूए'चे तीन भाग पडले : ७ वर्षे, १३ वर्षे व १६ वर्षे. त्या वयाखालील मुलांनी तो सिनेमा पाहावा की नाही, हे आईवडिलांनी ठरवायचे असते. जुन्या सिनेमांवर मात्र नुसते 'यूए' लिहिलेले आढळेल.

पण दहा वर्षांची सगळी मुले सारखी नसतात. एखादा सापाला भीत नाही, पण अंधाराला भितो. म्हणून आधी तुम्ही स्वतः सिनेमा पाहून घ्या, किंवा ज्याने पाहिला आहे त्याला विचारा.

'भूतनाथ' (२००८) लहानांना चालतो. त्यातले भूत मुलाला घाबरवायला जाते आणि मुलगा घाबरतच नाही! अमिताभ बच्चन यांचे ते भूत शेवटी थोडे रडवते, एवढेच. 'झपाटलेला' (१९९३) हा महेश कोठारे यांचा मराठी सिनेमा विनोदी आहे. मात्र त्यातील तात्या विंचू हा बाहुला खून करतो. बाहुली कुशीत घेऊन झोपणारी मुलगी सोबत असेल, तर तो त्या रात्री नकोच. मोठ्या मुलांना आधी सांगा, की हा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवला. मग मुले बाहुल्याचे ओठ कसे हलतात तेच पाहत बसतात. 'तुंबाड' (२०१८) लावण्याचा आग्रह कोणीतरी करीलच. तो उत्तम सिनेमा आहे, पण त्याला 'ए' प्रमाणपत्र आहे. तुमच्यासाठीही नाही.

मला विचाराल तर 'मकडी' (२००२) लावा. विशाल भारद्वाज यांचा हा पहिला सिनेमा. गावाजवळ एक पडका वाडा आहे आणि त्यात माणसांचे जनावर करणारी चेटकीण राहते, असे सर्व गाव मानते. चुन्नी आणि मुन्नी या जुळ्या बहिणींपैकी मुन्नी तिच्या तावडीत सापडते. श्वेता बसू प्रसाद या मुलीने दोन्ही बहिणींचे काम केले आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चेटकीण झालेल्या शबाना आझमी यांना पाहून अंगावर काटा येतो. शेवट सांगू नये, पण येथे सांगणे भाग आहे : ती चेटकीण नसतेच. लोकांनी वाड्याकडे फिरकू नये म्हणून गुप्तधनाच्या लोभाने केलेले ते सोंग असते.

हा शेवट आपल्या भागातील मुलांनी पाहावा असे मला वाटते. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द या गावी, जादूटोण्याच्या संशयावरून काही माणसांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. तरीही असे घडते. ज्या सिनेमात एखादी म्हातारी खरोखरच चेटकीण निघते, तो पाहून लहान मूल दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एकट्या आजीकडे कसे पाहील?

सिनेमा रात्री आठलाच सुरू करा, म्हणजे झोपण्यापूर्वी गप्पांना वेळ उरतो. भीती निम्मी कानांतून येते. म्हणून आवाज कमी ठेवा. झाडीपट्टीतील नाटके रात्रभर चालतात, पण तिथे मुलांच्या शेजारी आई किंवा आजी बसलेली असते. तसेच एक मोठे माणूस येथेही जवळ असू द्या. कोणी "बंद करा" म्हणाले, तर लगेच बंद करा. त्याला 'भित्री भागूबाई' म्हणून चिडवू नका.

नंतर गच्चीवर आडवे होऊन आवाज ओळखण्याचा खेळ खेळा. ती टिटवी, तो पिंगळा, दूरवर कोल्हेकुई. आणि गाव जंगलालगत असेल, तर लघवीला जाताना मोठ्या माणसाला उठवा व टॉर्च घ्या. अंधारात भूत नसते. बिबट्या मात्र असू शकतो.