विहिरीच्या पायऱ्या आणि घागरीतला हात



गावाच्या पाण्याची गोष्ट निघाली की आपण पहिल्याने विचारतो ते पाणी किती आहे आणि उन्हाळ्यात टिकते का. विचारणे रास्तच आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायचा राहून जातो. त्या पाण्यापर्यंत माणसाचे हातपाय पोचतात का? आज मी तेवढ्याबद्दलच बोलणार आहे.

तुमच्या घरात सत्तरीची माणसे असतील तर त्यांना ‘नारू’ म्हणजे काय ते विचारा. बहुधा ती आधी आपला पाय चाचपतील. सुतळीच्या धाग्यासारखा पांढरा, दीड-दोन हात लांब किडा. पायावर फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटला की किड्याचे टोक दिसायचे. ते काडीला गुंडाळून रोज थोडे थोडे ओढायचे. घाई केली आणि किडा तुटला, की पाय सुजून माणूस महिना-महिना अंथरुणाला. पेरणी असो की सुगी, घरातला कर्ता माणूस असा पडून राहिला की वर्ष बुडालेच म्हणायचे.

हा किडा यायचा कुठून? पाण्यातून. आणि पाण्यात कुठून? तर माणसाच्याच पायातून! पायाची आग होते म्हणून रोगी पायविहिरीच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून बसायचा. त्या क्षणी नारूची मादी लाखो पिले पाण्यात सोडायची. पाण्यातले बारीक पिसवेएवढे जीव ती पिले गिळायचे, आणि दोन आठवड्यांत त्यांच्या पोटात ती तयार व्हायची. त्याच पायरीवर उभे राहून कुणी घागर भरली, पाणी प्याले, की सुमारे वर्षाने त्याच्या पायावर फोड. पाणी कसे? तर आरशासारखे स्वच्छ. डोळ्यांना त्यात काही दिसायचे नाही.

या रोगावर लस नव्हती, किडा मारणारे औषध नव्हते, आजही नाही. तरी तो आपल्या देशातून गेला. 1983 साली देशभर मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रासह ज्या राज्यांत नारू होता तिथे पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून कठडे बांधले, रहाट बसवले, कुठे बोअर घेऊन हातपंप उभे केले. पाण्यातले ते बारीक जीव मारायचे औषध टाकले, आणि घरोघर पाणी गाळून पिण्याचा पाठ दिला. शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात आढळला. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. पायाची आणि पाण्याची गाठ तोडली, एवढीच त्यातली मेख.

(आपल्या जुन्या बारवा मात्र पाडू नका बरं का. त्यांचे दगडी काम जपण्यासारखे आहे. पिण्याचे पाणी तिथून घेऊ नये, इतकेच.)

आता कुणी म्हणेल, आम्ही फडक्याने गाळतो, मग काय भीती? नारूपुरते ते खरे, कारण तो जीव दाट विणीच्या कापडात अडकतो. पण पटकीचे, हगवणीचे, विषमज्वराचे जंतू त्याहून कितीतरी बारीक. बहुतेक सारे फडक्यातून आरपार जातात. त्यांना उकळी तरी हवी, नाही तर टी.सी.एल. पूड.

गुरुजी, इथे तुमच्या वर्गाला एक गणित. विहिरीचा व्यास 4 मीटर, पाणी 3 मीटर. व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले 785. आले 37,680 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पूड धरली तर साधारण 95 ग्रॅम. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी पोहऱ्यात घेऊन विहिरीत वरखाली हलवायचे. तासभर कुणी पाणी भरायचे नाही. पूड जुनी, हवा लागलेली असेल तर सारा खटाटोप फुकट. आणि पाण्यातला खारेपणा किंवा फ्लोराइड या पुडीने जात नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवला पाहिजे.

आज पुष्कळ गावांत नळ आले आहेत. पण नळ तासभर येतो आणि दिवसभर कोरडा असतो, तेव्हा गटारातून गेलेल्या फुटक्या जोडातून घाण आत ओढली जाते. म्हणून आधी जोड पाहा, मग तोटी.

इथे एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. पाणी ‘बिघडणे’ आणि पाणी ‘बाटणे’ यांत आपल्या लोकांनी फार मोठा घोटाळा करून ठेवला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तर तळे बाटले म्हणून पुढे त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. गुरेढोरे जिथे पाणी पीत, तिथे माणसाला बंदी! तळे सर्वांना खुले असल्याचा हायकोर्टाचा निकाल यायला 1937 साल उजाडले. ज्यांना कठड्याच्या विहिरीवरून हाकलले त्यांनी डबक्याचे पाणी प्यायचे, असा तो व्यवहार. आणि डबक्यावरची पटकी काही वस्तीची शीव ओळखत नाही. तुमच्या गावचा पंप कुणाच्या दाराशी आहे, आणि सर्वांत लांबच्या घरची बाई तिथवर किती पावले चालते, ते एकदा मोजून बघा.

आता उरला घरातला माठ. सारे केले, पूड टाकली, जोड बसवला. आणि शेवटी पोराने पेल्यासकट बोटे माठात बुडवली. म्हणजे विहिरीच्या पायऱ्या पुन्हा उघडल्याच की! याला उपाय चार पैशांचा आहे. लांब दांड्याचे ओगराळे, नाही तर तोटीचे पिंप. शाळेत पिंप नसेल तर एका मुलाने ओगराळ्याने ओतावे, दुसऱ्याने खाली पेला धरावा. शाळा सुटली की माठावर झाकण, आणि ओगराळे भिंतीच्या खिळ्याला.